आधी पाजणं, मग गोळी

डॉ. शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट सक्करदऱ्यातल्या त्यांच्या जुन्या दवाखान्यात झाली, आणि त्या भेटीत त्यांनी माझं नुकसान केलं. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, एवढं मलाही कळतं. समितीच्या मंडळींनी ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त 'दोन गोड शब्द' मागितले होते. पण त्याच संध्याकाळी खुद्द ताईंचा फोन आला. "मंगलाबाई, गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही कोराडीचं लिहा. नाहीतर राहू द्या." ताईंपुढे माझं कधी चाललं नाही, तेव्हा आताही लिहिते आहे ते कोराडीचंच.

आमचे हे कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहत होतो. वृंदा, माझी एकुलती एक, तेव्हा अंगावर पिणारी. एके दिवशी मला सडकून ताप भरला. छातीत गाठ झाली, ती अशी ठणकायची की पदराचा स्पर्शही नको वाटे. सासूबाई मला बसनं सक्करदऱ्याला घेऊन आल्या, कारण तिथं लेडी डॉक्टर आहे असं शेजारणीनं सांगितलं होतं. ताई तेव्हा तरुण होत्या, दवाखाना नवा होता. त्यांनी नीट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "गोळ्या संपेपर्यंत बाळाला अंगावर पाजू नका. वरचं दूध द्या." त्या काळी असं सांगणाऱ्या त्या काही एकट्या नव्हत्या. औषध आईच्या दुधातून लेकराच्या पोटात जातं आणि बाधतं, हे आमच्या कॉलनीतल्या बायांनाही पाठ होतं. वेगळं कोणी बोललं असतं तर आम्हीच तिला येड्यात काढलं असतं.

मी पडले आज्ञाधारक. सांगितलं तसं केलं. वृंदा रडून रडून काळीनिळी व्हायची, मी तोंड भिंतीकडे करून पडायची. दूध तुंबलं, गाठ आणखी दगडासारखी झाली, पू झाला, शेवटी चिरा द्यावा लागला. ताप उतरला, गोळ्या संपल्या, वृंदाला छातीशी घेतलं, तर दूध कुठं होतं? आटून गेलं होतं.

मग बाटली आली. कोराडीत बाटलीवर लेकरू वाढवणं काय असतं ते कोराडीवाल्यांनाच विचारा. बाटली उकळून ओट्यावर उपडी घालावी, आणि वृंदाला उचलून आणेपर्यंत तिच्यावर वीजकेंद्राच्या राखेचा पातळ थर बसलेला असायचा. पुन्हा धुवा, पुन्हा उकळा. एवढं करूनही उन्हाळ्यात तिला हगवण लागली ती लागलीच. लेकरू वाळून पाप्याचं पितर झालं. सलाईनसाठी तिच्या हाताची शीर सापडेना तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं ओरडून रडले होते. ती जगली. देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय.

इकडे सक्करदऱ्यात वेगळंच घडत होतं. लकडगंजच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची सून माझ्यासारखीच गाठ आणि ताप घेऊन ताईंकडे आली होती. तिलाही ताईंनी तेच सांगितलं. ती 'हो डॉक्टर, हो डॉक्टर' म्हणाली आणि घरी जाऊन खुशाल पाजत राहिली. पुन्हा दाखवायला आली तेव्हा गाठ विरघळलेली, ताप गेलेला, पोट्टं गुबगुबीत. ताईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, ते रडे तर माह्यानं पाहवलं नाही. गोळी बी घेतली अन् पाजलं बी."

दुसरी कोणी डॉक्टर रागावली असती. ताईंना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही, असं त्यांनीच मला पुढं सांगितलं. त्यांनी पुस्तकं काढली, आपल्या शिक्षकांना जाऊन विचारलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की अशा आजारात पाजणं थांबवायचंच नसतं, उलट पाजल्यानं गाठ मोकळी होते. त्या गोळ्याही लेकराला चालण्यासारख्याच होत्या. आणि समजा एखाद्या औषधासाठी पाजणं काही दिवस बंद ठेवावं लागलंच, तरी दूध हातानं पिळून टाकत राहायचं असतं, म्हणजे ते आटत नाही. एवढं एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर!

ताई स्वतः कोराडीला आल्या. बसनं आल्या, पत्ता विचारत विचारत आल्या. भर दुपारी दारात उभ्या राहिल्या, घामानं निथळत होत्या. पाणीही न घेता म्हणाल्या, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पाजणं थांबवायची गरज नव्हती." मी वृंदाला जवळ ओढलं. सासूबाई मात्र फाटक्या तोंडाच्या. त्या म्हणाल्या, "अन् आता सांगून काय फायदा बाई? लेकराच्या तोंडचं तं गेलं ना!" ताई म्हणाल्या, "हो, गेलं." सारवासारव केली नाही की कोणाकडे बोट दाखवलं नाही. डॉक्टर माणूस आपल्या दारात येऊन चूक कबूल करतो, हे आमच्या कॉलनीनं त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही.

त्यांनी दूध परत यावं म्हणून पुष्कळ प्रयत्न केले. लेकराला वारंवार छातीला लावायचं, पिळत राहायचं, खायचं कसं, सगळं शिकवलं, आणि पाहायला येत राहिल्या. थोडं आलंही. पण वृंदाला बाटलीची सवय झाली होती. मी जवळ घेतलं की ती मान फिरवायची आणि बाटलीकडे हात करायची. तिचं ते मान फिरवणं मी विसरलेली नाही. त्यानंतर मला मूल झालं नाही, म्हणून तो राहून गेलेला भाग राहूनच गेला.

पुढं ताईंनी दवाखान्यात बुधवार पाजणाऱ्या आजारी बायांसाठी ठेवला आणि मला बोलावलं. "मी सांगितलं तर माना डोलावतील आणि घरी जाऊन सासूचं ऐकतील. तुम्ही तुमचं सांगितलंत तर सासूही ऐकेल." मी जायला लागले ते जातच राहिले.

ताईंची एक रीत होती. ताप घेऊन कोणतीही बाई आली की नाडी धरायच्या आधी प्रश्न, "अंगावर पाजता का?" आणि औषध लिहून झालं की बाईला घरी जाऊ द्यायच्या नाहीत. सासूला समोरच्या खुर्चीत बसवायच्या, बाईला तिथंच लेकराला पाजायला लावायच्या आणि पाजून झालं की पहिली गोळी सासूच्या डोळ्यांदेखत गिळायला लावायच्या. आधी पाजणं, मग गोळी, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत औषधाचा जोर ओसरलेला असतो. ही रीत काहून, तर आपल्याकडं बाळंतीण आजारी पडली की घरात दोन पक्ष पडतात. एक दूध तोडायला लावतो, दुसरा गोळ्या मोरीत टाकायला. उमरेडकडची एक सून अशाच गोळ्या उशीखाली जमवून ताप अंगावर काढत होती. तिची सासू ताईंना म्हणाली, "मी तं लेकरासाठीच म्हणून राहिली ना मॅडम." ताई म्हणाल्या, "आई आडवी झाली तर लेकराला कोण पाहील, आजी?" मग म्हातारीनंच सुनेच्या हातात पाण्याचा गिलास दिला.

पण ताई सगळंच चालतं म्हणणाऱ्यांतल्या नव्हेत. एकीनं खोकल्याचं औषध दुकानातून मनानंच आणून घेतलं आणि लेकरू पेंगायला लागलं, प्यायला उठेना. ताईंचा तो अवतार मी पहिल्यांदा पाहिला. "विचारायला तोंड नव्हतं का?" म्हणून त्यांनी नवऱ्यालाच धारेवर धरलं, लेकराला लगेच मोठ्या दवाखान्यात धाडलं आणि ते हुशार होईपर्यंत रोज चौकशी केली. तेव्हापासून प्रत्येकीला बजावून सांगत: शेजारणीची गोळी नको, मनानं काही घेऊ नका, मनानं काही बंदही करू नका. गोळी सुरू असताना लेकरू सुस्त झालं, अंगावर पुरळ आलं, पातळ संडास लागली तर तडक घेऊन या. काही औषधं खरंच चालत नाहीत, पण त्यांच्या जागी बहुतेक वेळा दुसरं देता येतं. विचारलं तरच ना!

ताईंच्या मायेचं एक उदाहरण देते. बुधवारी एखादी बाई लेकराला पदराखाली घ्यायची, ते चुरूचुरू प्यायला लागायचं, आणि नेमक्या त्याच वेळी ताई म्हणायच्या, "मंगलाबाई, जरा चहाचं बघता का?" मला आधी राग यायचा. ऐन वेळी चहा कशाला? पुष्कळ उशिरा उमजलं. ते पिणारं लेकरू पाहून मला आनंद व्हायचा तसं जळायचंही, आणि माझा चेहरा लपत नव्हता. ताईंनी तो पाहिला होता. कधी शब्दानं बोलल्या नाहीत, फक्त चहाला पाठवत राहिल्या.

आता ताईंनी दवाखाना बंद केला आहे. ऐकू कमी येतं, गुडघे बोलतात. मी भेटायला गेले की पहिला प्रश्न वृंदाचा. "पोट बरं आहे ना तिचं?" वृंदा चांगली धट्टीकट्टी बाई आहे, सावजीचा तिखटजाळ रस्सा ओरपते आणि वर आणखी मागते, हे मी हजारदा सांगितलं. ताईंना पटत नाही. बोलता बोलता हळूच विचारतात, "मंगलाबाई, माझ्यावर राग आहे का हो?" आणि मी दर वेळी म्हणते, "छे हो ताई, कसला राग!"

हा लेख लिहायला बसले तेव्हा वृंदालाही विचारलं. ती हसून म्हणाली, "माय वं, मले काय आठवते ते? तूच धरून बसली." खरं बोलली पोट्टी. मीच धरून बसले होते. ताई, राग होता. तुमच्या दवाखान्यात बसून, तुमचाच चहा करतानाही होता. तुम्ही ओळखत होता म्हणूनच विचारत होता ना? तो कधी गेला ते मला कळलं नाही, पण आज शोधला तर सापडत नाही. तेव्हा आता पुन्हा विचारू नका. समितीतले सगळे तुम्हाला उदंड आयुष्य चिंततील, चांगली तब्येत चिंततील, मीही चिंतते, मनापासून. पण तुम्हाला माफ करायचा हक्क त्यांच्यापैकी कोणाचा नाही, तो माझा आहे. माफ केलं, ताई. आता पोटभर जेवा, गाढ झोपा आणि खूप खूप जगा.