गाडी गावातच का घुरघुरते

आमच्या वडिलांच्या गाडीला हमरस्त्यावर कसलाच त्रास नव्हता. परभणीहून निघाली की ती गुमान यायची. पण बोरीत, म्हणजे आमच्याच गावात, शिरली रे शिरली की तिच्या पोटातून घर्रर्र असा आवाज सुरू व्हायचा, जात्यात हरभऱ्याबरोबर खडे पडल्यासारखा. घरासमोर थांबली की पुन्हा चिडीचूप.

वडील निवृत्त शिक्षक. ही पांढरी गाडी त्यांनी जुनीच घेतलेली, आणि तिच्यावर त्यांचा फार जीव. पण वडिलांचा जिथे जीव असतो तिथे त्यांचा राग आधी पोचतो. एका रविवारी मी परभणीहून घरी आलो, तर ते ओट्यावर बसून जाहीर करत होते, "हा आवाज गेला न्हाई तर गाडी इकून टाकतो. जिंतूरचा एकजण मागायलाच लागलाय."

आत आईने ताट जरा जोरात ठेवलं. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, एसटीची पायरी तिला चढवत नाही. तिची धाकटी बहीण पूर्णेला एकटी राहते. मावशीचे यजमान रेल्वेत होते, ते गेल्यापासून आई दर महिन्याला तिच्याकडे जाऊन राहते, आणि जाते ती याच गाडीतून. गाडी गेली की आईची पूर्णा गेली. वडिलांना हे कळत नव्हतं असं नाही. पण साऱ्या गावाला ज्यांनी शिस्त शिकवली त्यांचीच गाडी भर गावात बडबड करत जायची, याची त्यांना लाज वाटायची.

गावात दुखणं लपत नाही आणि औषध सांगणाऱ्यांना तोटा नसतो. कडुलिंबाच्या पारावर बसणाऱ्या मंडळींनी एकमताने निदान केलं की गिअरबॉक्स गेला. एकाने त्यात घाण्याचं करडईचं तेल ओतायला सांगितलं, कारण त्याच तेलाने त्याच्या बायकोची कंबर बरी झाली होती. दुसऱ्याने न विचारता पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. वडिलांनी ती उपटून फेकली आणि अंधश्रद्धेवर एक तास घेतला, तोही भर उन्हात.

मीही मागे राहिलो नाही. मी बँकेत कारकून, गाडीचं मला काडीचं ज्ञान नाही, पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला असं वाटायला लागलं होतं की परवानगी मिळाली तर मी विमानही उघडेन. व्हिडिओतला माणूस सांगत होता : गाडी जागेवर चालू ठेवा, क्लच सोडल्यावर आवाज आला तर दोष गिअरबॉक्सचा, दाबल्यावर आला तर क्लचचा. मी अंगणात गाडी चालू केली. क्लच सोडला, आवाज नाही. क्लच पार खालपर्यंत दाबला, तरी नाही. तिथे माझं शास्त्र संपलं, म्हणून मी गंभीर चेहरा करून खाली उतरलो आणि म्हणालो, "गिअरबॉक्सच दिसतो."

जिंतूरचा मिस्त्री म्हणजे वडिलांचा जुना विद्यार्थी. त्याने स्वतः गाडी रोडवर लांबवर फिरवून आणली. "गुरुजी, आवाज न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजे मी खोटं बोलायलोय?"

तो चाळिशीचा, दोन मुलांचा बाप, पण हात आपोआप मागे बांधून उभा राहिला. "न्हाई गुरुजी. तुमी म्हंता तर असंल."

"गिअरबॉक्स खोल."

त्याने खोलला. गिअरबॉक्स खाली उतरवला, एकेक गिअर गोणपाटावर मांडला. एकही दात झिजलेला नव्हता. डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो, इथे तोही निघाला नाही. गुरुजींनी गिअरबॉक्स म्हटलं होतं, म्हणून त्याने फक्त गिअरबॉक्सच पाहिला, शेजारच्या क्लचकडे मान वळवली नाही. आमच्या वडिलांच्या वर्गात इकडेतिकडे बघायची सवय कुणालाच लागली नव्हती. त्याने सगळं पुन्हा जुळवलं, नवं तेल घातलं. आम्ही घरी निघालो. रस्ताभर गाडी मुकी. वेस ओलांडली आणि घर्रर्र.

वडिलांनी घरी येताच फोन लावला आणि गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. आई म्हणाली, "मग त्याच्या आधी मला एकदा पूर्णेला न्या. बहिणीला सांगून येते, आता तूच येत जा म्हणून." हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मला तिच्यापेक्षा वडिलांचाच जास्त राग आला.

आम्ही तिघे पूर्णेला जाऊन आलो. परतताना वडील गाडी चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, मी मागे. गाव आलं.

आता आमचे वडील गावातून गाडी कशी नेतात ते सांगायला हवं. न बोलता सरळ निघून गेलं तर लोक म्हणतात, गुरुजींना पेन्शनीची मस्ती आली. पुरतं थांबलं तर चहा घ्यावा लागतो, आणि एका ठिकाणी घेतला की पुढच्या ठिकाणी नाही म्हणता येत नाही. म्हणून ते थांबतही नाहीत आणि जातही नाहीत. उजवा हात खिडकीबाहेर काढून बैलाच्या चालीने गाडी सरकवत राहतात. पाराजवळ राम राम, विहारापाशी जय भीम, शिलाई मशीनवाल्या चाचांना सलाम, आणि प्रत्येकाला पाऊसपाण्याचा एखादा प्रश्न. आई अशा वेळी डोक्यावरचा पदर पुढे ओढून मान खाली घालते. पारासमोरून जाताना बाईने वर बघायचं नाही, हे तिला सासूने लग्नानंतर सांगितलं. पुढे ते बदललं असं कुणी तिला सांगितलंच नाही.

पार आला. वडिलांचा हात बाहेर गेला. घर्रर्र.

"आवं, पाय काढा बरं," आई पदराआडून म्हणाली.

"कोन्ता पाय?"

"डावा. त्या दांडीवरला."

वडिलांनी दचकून पाय काढला. आवाज बंद.

"आता ठिवा. आल्लाद, तुमी ठिवता तसा."

घर्रर्र.

"तुला गाडीतलं काय कळतं?" वडील म्हणाले, पण आवाजात गुरुजी कमी होते.

"गाडीतलं न्हाई कळत. पार आला की मी खाली बघते. खाली तुमचा पाय दिसतो. पार आला की पाय दांडीवर चढतो अन् गाडी वरडायला लागती. गाव सरलं की पाय उतरतो."

"मग इतके दिस बोलली का न्हाईस?"

"साऱ्या गावाला इचारलंत. मला कुठं इचारलंत?"

मी मागच्या सीटवर हसू दाबायला खोकलो. वडिलांनी खात्री करायची म्हणून गाडी मागे घेतली आणि पुन्हा पारासमोरून नेली, मग पुन्हा मागे. पारावरची मंडळी गोंधळली. दर खेपेला त्यांनी इमानाने राम राम घातला.

वडिलांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं आणि मिस्त्रीने मग क्लच उघडला. क्लचवर पाय टेकला की एक बेअरिंग फिरू लागतं. वडिलांचा पाय गावभर अर्धवट टेकलेला, त्यामुळे ते झिजून खिळखिळं झालं होतं. पुरतं दाबलं की घट्ट बसायचं आणि गप्प व्हायचं, म्हणून माझ्या परीक्षेत ते सापडलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं आम्ही सगळ्यांनी मिळून केलं होतं. मिस्त्रीने नवं बेअरिंग टाकलं आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गुरुजींनी पाय ठिवला तर हे बी जाईल. तुमीच सांगा." स्वतः सांगायची त्याची छाती नव्हती.

मी सांगितलं. वडिलांनी एक दिवस पाय न ठेवता गाव ओलांडलं, म्हणजे हातही न काढता. संध्याकाळी दोघेजण घरी आले, गुरुजी कशावरून नाराज आहेत ते विचारायला. दुसऱ्या दिवशी ते जागोजागी पुरते थांबले आणि इतका चहा प्यायले की पित्त उसळलं. ओट्यावर आडवे पडून म्हणाले, "इकूनच टाकतो. गाडी हाय की गळफास."

आई दाराशी आली. "तुमी दुसऱ्या गिअरात टाका अन् समोर बघून चालवा. राम राम मी घालते."

वडील उठून बसले. मग म्हणाले, "बघ बापा."

पुढच्या पूर्णेच्या फेरीला मी होतो. पार डाव्या हाताला, आईच्या बाजूला. तिने काच खाली केली, पदर कपाळावरून मागे सारला आणि मान वर केली. "राम राम," ती म्हणाली.

मग सगळ्यांत म्हातारा गडी, नात्याने तिचा दीर लागणारा, काठी टेकून उठला. "राम राम, वयनी," तो म्हणाला, आणि मग सगळ्यांचेच हात वर गेले. वडील नाकासमोर बघत होते, डावा पाय खाली सपाट. गाडी एक अक्षर बोलली नाही.

आई खिडकीतून मागे वळून वरच बघत होती.

"पाराच्या लिंबाला केवढं मोहळ लागलंय," ती म्हणाली. "कवापासून हाय वो ते?"

विहार जवळ आला तेव्हा वडील म्हणाले, "लय वर्षं झाली."

"बरं," आई म्हणाली आणि जय भीम घालायला पुन्हा हात बाहेर काढला.