कोथिंबिरीची जुडी आणि माझी नडगी

"टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर," डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले. मला वाटलं, द्राक्षावर आलेल्या नव्या रोगाचं नाव सांगतायत.

मग त्यांनी सोपं करून सांगितलं. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्यावर गुडघा टेकतो आणि अख्ख्या बाईचं वजन पेललं जातं, तो खचला होता. माझं वजन बघता त्या हाडानं इतकी वर्षं तक्रार केली नाही हेच नवल.

"सूज फार आहे, आज ऑपरेशन करता येणार नाही," ते म्हणाले. "आतला दाब वाढला, तर पाय वाचवणं अवघड होईल."

या दाबाला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. सुजलेल्या स्नायूंना पसरायला जागा उरत नाही, रक्त पुढं सरकत नाही. तुमच्या घरात कुणाचं असं हाड मोडलं आणि औषध घेऊनही कळ वाढत गेली, बोटं बधिर झाली, तर गप पडून राहू नका. नर्सला हाक मारा. मी अशी हाक मारायचे की सांगलीतल्या निम्म्या दवाखान्यांच्या नर्सा आमच्या वॉर्डात गोळा व्हायच्या.

आता हे झालं कसं ते ऐका. माझा पुतण्या ओंकार नुकताच अठरा वर्षांचा झालेला, लायसन्स करकरीत नवं. मला स्कूटरवर मागं बसवून तासगावच्या बाजारातनं घरी आणत होता. खिशातला फोन वाजला. यानं तो कान आणि खांद्यामधे दाबला, मान वाकडी केली, "आलोच, आलोच," म्हणाला, आणि खरंच आला. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या द्राक्षाच्या टेम्पोवर. त्याची हनुवटी फुटली. मी हवेत एवढी उंच गेले की लांबनं आमच्या बेदाण्याच्या शेडचं छप्पर दिसलं. एक पत्रा ढिला झाला होता, तोही बघून घेतला.

आणि फोन कशासाठी? मागनं कळलं, येताना कोथिंबिरीची जुडी आण म्हणून. एका जुडीपायी नडगी!

सीटी स्कॅन झाला, म्हणजे हाडाचे काप काढून बघितल्यासारखे फोटो. रोज डॉक्टर पाय दाबून बघायचे आणि म्हणायचे, "अजून थांबू." मी छताकडं बघत पडायचे. पाय गेला तर शेडमधे जाळीवर माल पसरायला उभं कोण राहणार?

भेटायला येणारा प्रत्येकजण ओंकारला झोडपून जायचा. फोन कुणाचा होता, हे मात्र पोरानं कुणालाच सांगितलं नाही.

एके दुपारी दीर तानाजी, म्हणजे ओंकारचा बाप, माझ्या कॉटपाशी भाषण ठोकत होता. "ह्या मोबाईलनं पिढी नासवली, वैनी! गाडीवर फोन घेत्यात, अक्कल न्हाई!" बोलता बोलता त्यानं दाराकडं बघितलं. "डबा घिऊन निगालेला ओंकार आजून कसा आला न्हाई? सुमन, लाव त्याला फोन."

सुमन म्हणजे माझी जाऊ, ओंकारची आई. तिनं लावला. उचलला नाही.

"परत लाव!"

माझा ताबा सुटला. "भावजी, गाडीवर असंल त्यो! एका फोननं माझा पाय खाल्ला, आता पोराचा पन पायजे का?" हाताला लागला तो तांब्या भिरकावला. खिडकीतनं गेला तो मिरजेतच उतरला असणार.

तेवढ्यात ओंकार डबा घेऊन आत आला.

"फोन का उचलला न्हाईस रं?" तानाजी गरजला.

"गाडीवर हुतो, आप्पा."

"मग? उचलाय काय हात झडलं हुतं?"

ऐकलंत? उचलला म्हणून इतके दिवस शिव्या, नाही उचलला म्हणून आज शिव्या. पोरानं करायचं तरी काय?

सुमन डब्याचं झाकण काढता काढता थांबली. "त्येला बोलू नगासा. त्या दिवशी फोनवर मीच हुते."

तिनं डबा बाजूला ठेवला.

"पडल्यावर फोन चालूच ऱ्हायला. आक्का, तुमची किंकाळी ऐकली मी. त्येचा आवाजच येईना. तवापास्नं त्यो नजरंआड झाला की फोन लावल्याबिगर जीव ऱ्हात न्हाई."

मी तिला हाताला धरून कॉटवर बसवलं.

शेवटी सूज उतरली. हाड उघडून जागेवर बसवलं, पट्टी आणि स्क्रूनं आवळलं. "पाय वाचला," डॉक्टर म्हणाले, "पण मी सांगेपर्यंत टेकायचा नाही." त्यांचे, आणि माझी बोटं पुनःपुन्हा हलवून घेणाऱ्या त्या नर्सांचे उपकार मी विसरणार नाही. आधी वॉकर आला, मग काठी.

सूज उतरली, राग उतरला नाही. पोरांना खुशाल शिकवा, पण मोठ्यांनो, आधी आपली बोटं आवरा! गाडीवरच्या पोराला फोन लावणं म्हणजे मागून त्याचं हँडल ओढणं.

आता ओंकारनं गाडी काढली की त्याचा फोन डिकीत, आणि सुमनचा माझ्या बेदाण्याच्या डब्यात. झाकणावर मी बसते. उघडायची कुणाची टाप आहे!

काल त्याला बाजारातनं यायला वेळ लागला. सुमन दारात उभी. मी काठी टेकत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"लय उशीर झाला वो आक्का."

"व्हय. उभी ऱ्हा."

स्कूटरचा आवाज आला तेव्हा तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की आता दंडाचाही एक्स-रे काढावा लागणार. ओंकारनं हेल्मेट काढलं.

"कोथिंबीर आणलीस?" मी विचारलं.

त्यानं जीभ चावली आणि गाडी परत वळवायला लागला. सुमननं पुढं होऊन किल्ली काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे. जेवाय चल."

आमटी बिनकोथिंबिरीचीच झाली. मी दोन वाट्या जास्त भुरकल्या.