संगीतमंडपाच्या खांबामागचं नाव

सेलूच्या शाळेत मी विज्ञानशिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात भूगोलाच्या साळवेबाईंनी शिक्षकखोलीत दोन भिंगांचं एक लाकडी यंत्र माझ्या हातात दिलं. ‘‘सर, यात बघा अन् सांगा, पुढं काय हाय अन् मागं काय.’’ यंत्राच्या पट्टीवर जाड पुठ्ठा होता आणि त्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन तपकिरी फोटो, अगदी सारखे वाटणारे. भिंगांतून पाहताच दोन्हींचं मिळून एकच दृश्य झालं. बागेतला संगीतमंडप होता तो. खांब जवळ, झाडं लांब आणि मध्ये हात घालता येईल एवढी मोकळी जागा. मी खरंच हात पुढे केला. बाई हसल्या नाहीत. ‘‘समदेच करतेत,’’ एवढंच म्हणाल्या.

या जोडचित्रांना स्टिरिओव्ह्यू म्हणतात. जुन्या बाजारांतून, रद्दीवाल्यांकडून, टपालाने मागवून बाईंनी ती आयुष्यभर जमवली. तीही फक्त शहरांच्या सार्वजनिक बागांतल्या इमारतींची. मंडप, काचघरं, कारंज्याकाठचे सज्जे. राजवाडे का नाहीत, असं मी एकदा विचारलं. बाई मूळच्या सोनपेठच्या, शेतमजुराच्या घरातल्या. शाळेच्या सहलीत त्यांनी पहिल्यांदा शहरातली बाग पाहिली. ‘‘आमच्या आज्याला गावच्या पारावर बसू देत नव्हते. बागंतल्या मंडपात मी बसले, तर कुणी ऊठ म्हणलं न्हाई. एवढी देखणी इमारत नुसती लोकांना बसायला कुणी बांधली असंल, हे काही केल्या मला कळंना.’’ ते कुतूहल अजून शमलेलं नाही.

माझी आई राणीसावरगावहून आमच्याकडे आली, ती अंथरुणाला खिळूनच. बाई दर रविवारी पाच कार्डं घेऊन येत आणि तिच्या डोळ्यांपुढे यंत्र धरून बसत. आईने शहर असं पाहिलंच नव्हतं. ‘‘लय लांबवर दिसायलंय,’’ ती म्हणायची, ‘‘आत जाऊन बसावं वाटायलंय.’’ आई गेली त्या आठवड्यापर्यंत बाईंचा एकही रविवार चुकला नाही.

बाईंच्या स्वभावाची खरी ओळख मात्र मला परभणीत भरलेल्या त्यांच्या कार्डांच्या प्रदर्शनाच्या वेळी झाली. पत्रिकेवर तोच संगीतमंडप छापला होता. कार्डावरची नावाची पट्टी केव्हाच फाटली होती. कमानींवरून बाईंनी तो हैदराबादच्या एका बागेतला ठरवला होता आणि वर्षानुवर्षं तसंच सांगितलं, लिहिलंही होतं; पत्रिकेवरही तेच नाव होतं. प्रदर्शनाच्या थोडं आधी त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी असताना यंत्राचा उपयोग नव्हता, म्हणून त्या साध्या भिंगाने एकेक फोटो वेगळा पाहत बसल्या. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, ‘‘जरा या. माझं चुकलंय.’’

मंडपाच्या एका खांबामागे उर्दूत नाव कोरलेला दगड होता. दोन्ही फोटो किंचित वेगळ्या जागेवरून घेतलेले, त्यामुळे डाव्या फोटोत खांबाआडून नावाचा शेवट दिसत होता आणि उजव्या फोटोत सुरुवात, कारण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. जुने कागद वाचता यावेत म्हणून बाई उर्दू शिकल्या होत्या. दोन्ही तुकडे जोडून त्यांनी मला वाचून दाखवलं. नाव मराठवाड्यातल्याच एका शहराचं होतं.

मी म्हणालो, ‘‘बाई, पत्रिका वाटून झाल्यात. खांबामागं कोण बघायलंय?’’

‘‘मी बघितलंय ना,’’ त्या म्हणाल्या.

उद्घाटनाला बाई काळा चष्मा लावून उभ्या राहिल्या. ‘‘पत्रिकेवरचं नाव चूक आहे आणि ती चूक माझी आहे,’’ हे त्यांचं पहिलं वाक्य. सभागृहात कुजबुज झाली. मला मान वर करवेना. बाईंनी मात्र आपण कशा फसलो हे सावकाश, वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं.

त्याची बातमी छापून आली आणि त्या शहरातून पत्र आलं. मंडप अजून उभा होता, पण त्याची लाकडी जाळी कोसळली होती. डागडुजी करणाऱ्यांकडे एकच साधा फोटो होता. बाई मूळ कार्ड आणि यंत्र पिशवीत घेऊन स्वतः निघाल्या; मी सोबत गेलो. तिथल्या सुतारकाम करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी यंत्र डोळ्यांना लावलं ते बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाले, ‘‘जाळी एक न्हाई, दोन हायेत. मधी चार बोटं अंतर. आमी एकच करायलो होतो, बाई.’’

काम पुरं झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. मंडपात एक बाई भाकरीचं फडकं सोडून जेवत बसली होती. तिने साळवेबाईंना सरकून जागा दिली. दोघी पिकापाण्याचं बोलल्या. जाळीचा विषय बाईंनी काढला नाही.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या कपाटात अजून चौदा कार्डं बिननावाची आहेत. ती सगळी ओळखून होईतो त्यांचे दोन्ही डोळे आणि गुडघे धड राहोत. आणि चौदाव्याचं नाव सापडेल त्याच दिवशी टपालाने पंधरावं येवो, हीच आम्हा सर्वांची इच्छा.