आमच्या ह्यांची सरकती गाडी

आमच्या ह्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढं पुरे. बाकी सगळी गल्ली घेते: मल्हारी फिटर. सातपूरच्या एका कंपनीत वीसेक वर्षं फिटर होते. नव्याण्णव साली कंपनीने ‘स्वखुशीने’ म्हणून माणसं घरी बसवली, त्यात हेही बसले. बसले म्हणजे कसले बसतात! घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांनी दुसरी कंपनी काढली. कामगार हेच, साहेब हेच, आणि कॅन्टीन मी.

स्वभाव असा, की कुठं काही गुण्यात नसलं की ह्यांच्या पोटात दुखतं. गुण्या म्हणजे सुताराची काटकोन बघायची पट्टी. आमच्या लग्नात अंतरपाट धरणाऱ्या मामांना हे हळूच म्हणाले होते, "मामा, तुमची बाजू जरा खाली आहे." मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, काय पदरात पडतंय ते.

शेडमध्ये देव्हारे, चौरंग, पाट करायचे. त्यासाठी कटर मशीन जुळवली. लोखंडी टेबल, मधोमध वर आलेलं गोल पातं, खाली मोटर. मला त्या मशीनचा पहिल्या दिवसापासून राग. माझं माहेर मखमलाबाद, घरी फुलशेती. आमच्याकडे धारेची वस्तू म्हणजे विळा. हे पातं फिरायला लागलं की माझा जीव टांगणीला. मी रोज म्हणायचे, "विका ती अवदसा. देवाने बोटं मोजून दिलीत, वर मिळायची नाहीत." हे म्हणायचे, "अगं, म्हणून तर गाडी बसवतोय."

गाडी म्हणजे मशीनच्या डाव्या अंगाचा सरकता पाट. फळी त्याच्यावर ठेवायची आणि पाटासकट पात्यापुढे ढकलायची, म्हणजे कट सरळ येतो आणि हात लांब राहतो. बाजारातनं आणलेली गाडी आखूड निघाली. मोठी फळी ठेवली की डुगडुगायची. मग काय विचारता! जुन्या बाजारातनं दोन गोल गुळगुळीत सळया आल्या, बेअरिंगं आली, वर लांब पाट बसला. जोड, सोड, परत जोड. एक फळी कापायची, एक तुकडा पालथा करून दुसऱ्याला भिडवायचा आणि खिडकीकडे धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली म्हणजे कट वाकडा, की पुन्हा पाना हातात. इकडे माझ्या भाकरी गार होऊन दगड झाल्या तरी तिकडे उजेड बघणं चालूच.

दोन हजार चारच्या श्रावणात ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं, डावा हात तेवढा जड राहिला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, दिवाळीपर्यंत मशीन चालू करायची नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण ऐकतील तर शपथ! भाद्रपदात शेडमध्ये बसून ह्यांनी गाडी परत उकलली. फळी आवळून धरायला खटका लावला आणि पार डाव्या टोकाला एक मूठ बसवली. डाव्या हाताने मूठ ढकलायची आणि उजवा हात मोटरच्या बटणावर. ही बटणाची अट माझी. काही वेडंवाकडं झालं तर मोटर तिथल्या तिथं बंद झाली पाहिजे.

"आता मेलेला हातसुद्धा ढकलील," हे म्हणाले.

"शुभ बोला हो जरा!" मी ओरडले.

पण खरंच, मोटर बंद ठेवून त्यांनी त्या जड हाताने मूठ ढकलली, आणि गाडी अलगद टोकापर्यंत गेली. त्या दिवशी माणूस पोटभर जेवला. मग म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याच्या मुहूर्तावर पहिला कट. हात चालला तर शेड चालेल. नाही चालला, तर आपण होऊन कुलूप लावीन."

खंडेनवमीला हरसूलहून बायडाबाई आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. आल्या त्या खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, तेलाची बाटली घेऊनच, त्यांच्याकडच्या घाण्याचं. हत्यारांची पूजा त्याच करणार, तो त्यांचा मान. "मल्हारी, ही तुझी लक्ष्मी हाय. कोरडी नाय ठेवायची," म्हणाल्या आणि पटाशीपासून टेबलापर्यंत सगळ्याला ओंजळीने तेल चोपडलं. वर हळदकुंकू, वर माझा झेंडूचा हार. मग मशीनवर गोणपाट टाकलं, ते पाडव्यालाच निघालं.

पाडव्याला सकाळी ह्यांनी अंघोळ केली, नवा शर्ट घातला. मी नारळ घेऊन दारात उभी. मोटर लावायच्या आधी त्यांनी नुसतीच मूठ ढकलून पाहिली. गाडी हलली नाही. परत ढकलली. कपाळावर घाम आला, गाडी जागची हलेना. एरवी काही अडलं तर आधी मशीनला शिव्या घालणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग गोणपाट ओढलं आणि घरात आले.

"घोटीच्या कुंदनला फोन कर. मागत होता ना मशीन? म्हणावं, येऊन घेऊन जा."

घोटीच्या कुंदनचं फर्निचरचं दुकान, कधीचा मागे लागला होता. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. बोटं शाबूत राहिली, बला गेली. लगेच फोन लावला. दोन दिवसांनी येतो म्हणाला.

तो यायच्या आदल्या दुपारी मी मशीन पुसायला गेले. परक्याच्या घरी जाणारी वस्तू घाण कशी द्यायची? फडकं सळईवर फिरवलं तर ते चिकटूनच बसलं. बोट लावलं, बोट चिकटलं. वास घेतला. खुरासणी! तीन आठवड्यांत तेल डिंकासारखं आटलं होतं आणि त्यात भुसा बसला होता. मी दोन्ही हातांनी मूठ धरून जोर लावला. मी, शेतात पाण्याचे हंडे वाहिलेली बाई. गाडी जेमतेम वीतभर हलली.

मी तिथंच स्टुलावर बसले. हात बरा होता हो! गाडीच अडली होती. आणि हे मला एकटीला माहीत होतं. गप्प बसले असते तर उद्या मशीन घोटीला. कोण विचारणार होतं? देवाने आयतं ताटात वाढलं होतं.

फडकं ठेवलं आणि घरात आले. हे खुर्चीत बसले होते, डावा हात शालीखाली लपवून. पाडव्यापासून तो हात त्यांनी बाहेर काढलाच नव्हता. समोर भिंतीवर कॅलेंडर एका बाजूला कललं होतं, चांगलं ठळक वाकडं. हे त्याच्याकडेच बघत होते आणि काही बोलत नव्हते. मला भडभडून आलं. म्हटलं, असा माणूस घेऊन मी काय करू?

रॉकेलचा डबा घेतला आणि शेडमध्ये गेले. सळया घासल्या, बेअरिंगं घासली, चिंध्यांवर चिंध्या काळ्या झाल्या. मनातल्या मनात बायडाबाईंचा उद्धार चालूच होता. दिवेलागणीला गाडी सरकली.

सकाळी कुंदन आला. मी ह्यांना म्हटलं, "गिऱ्हाइकाला गाडी चालवून दाखवा."

"तूच दाखव," हे म्हणाले.

"मला काय कळतं त्यातलं? उठा."

नाइलाजाने उठले. शालीतून हात काढला, मूठ धरली, आणि पाडव्यासारखा जोर लावला. गाडी सुसाट जाऊन टोकाला आदळली. कुंदन दचकून मागे सरला. ह्यांनी गाडी मागे घेतली, परत ढकलली. मग वाकून सळईवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"रॉकेल," म्हणाले.

"अक्कांचं तेल आटलं होतं," मी म्हटलं. "हात नाही, तेल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला तर ही नको होती ना?"

"अजूनही नकोच आहे."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवते कशाला. मोटर लागली, फळी कापली, एक तुकडा पालथा करून खिडकीकडे धरला. मी मान वाकडी करून पाहिलं. उजेड कुठंच नव्हता. कुंदनला चहा-पोहे दिले आणि वाटेला लावलं.

पुढच्या खंडेनवमीला बायडाबाई आल्याच, बाटली घेऊन. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी नजरेनेच गप्प केलं आणि अक्कांना बसायला पाट दिला. अक्कांनी मागच्यासारखंच तेल चोपडलं, सळयांनाही. वर मला म्हणाल्या, "बघ वत्सला, मी तेल लावलं म्हणून माझ्या भावाचा हात चालला. तुझा नाय विश्वास."

"हो अक्का," हे म्हणाले.

मी दात खाऊन उभी. संध्याकाळी हे अक्कांना हरसूलच्या गाडीत बसवून आले आणि सरळ शेडमध्ये गेले. मी रॉकेल घेऊन गेले, तर हे सळईशी बसले होते, फडकं डाव्या हातात.