बळीचा माणूस

पाणी मोजायचं झालं की सोनबामामा कालव्यातून फुटलेल्या चारीच्या कडेला ताठ उभे राहत. समोरच्या दगडी भिंतीवर रंगवलेल्या मापपट्टीकडे तोंड, उजव्या हातात बाभळीची काठी, काठीचं टोक पाण्यात तळाला टेकलेलं. काठीला इंचाइंचावर खाचा होत्या. थोडा वेळ तसे उभे राहून ते काठी वर घेत आणि आकडा सांगत, "साडेनऊ लिवा, भाऊसाहेब." मी पट्टी पाहून तपासत असे. मी आकडे लिहायला लागल्यापासून अकरा महिन्यांत त्यांचा आकडा पाव इंचाहून जास्त कधी चुकला नाही. हे मी आठवणीवर सांगत नाही. तेव्हाच्या वहीत तसं टिपलेलं आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेलं हे. दौंडकडच्या एका कालव्याच्या कचेरीत मी कारकून होतो आणि मामा आमच्या चारीचे पाटकरी. दारं उघडायची, मिटायची, कोणाच्या रानाला किती तास पाणी ते सांभाळायचं, हे त्यांचं काम. चारीच्या तोंडाशी उसाची मोठी रानं होती. शेवटाला, ज्याला सगळे 'टेल' म्हणत, अकरा घरांचे एकेक-दीडदीड एकराचे तुकडे. मामांच्या आधी उन्हाळ्यात टेलला पाणी पोचत नसे. मामा आल्यापासून चार इंच पोचू लागलं.

मामांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. तोंडाकडचे बागाईतदार त्यांना 'झारीतला शुक्राचार्य' म्हणत, तेही तोंडावर. बळीराजा वामनाला दान द्यायला निघाला तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरला, त्यानं पाणी अडवलं, आणि वामनानं दर्भाची काडी खुपसून त्याचा डोळा फोडला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. एका डोळ्याचा माणूस पाण्याच्या तोंडावर बसून पाळीबाहेर पाणी देत नाही म्हटल्यावर नाव चिकटलंच. एकदा एका बागाईतदारानं दाराशी येऊन विचारलं, "काय शुक्राचार्य, उठताय का झारीतनं?" मामा शांतपणे म्हणाले, "काडी घावली का आप्पा? एकच डोळा ऱ्हायलाय, बेतानं खुपसा."

मला ते नाव ऐकवत नसे. तसं बोललो तेव्हा मामांनी मला बांधावर बसवून घेतलं.

"ल्हानपणी देवी आल्या, त्यात ह्यो डोळा गेला. कवठ्याच्या वैद्यानं बघितलं आन् म्हणला, ह्या पांढऱ्या ठिपक्याला शुक्र म्हंत्यात. आईला वाटलं, पहाटंची चांदणीच पोराच्या डोळ्यात उतरली. वस्तीभर सांगत फिरली. तवा शुक्र मी पयल्यापासनं हाय. आचार्य ह्या लोकांनी केलं."

मामा शिरूरच्या बौद्ध वस्तीतले. ती पोथी आपली नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. मग म्हणाले, "पर शुक्राचार्य कुणाचा माणूस, त्ये बघा. बळीचा. बळीचं राज्य जाऊ नये म्हून झारीत बसला. दिवाळीला ह्यांच्याच घरात म्हंत्यात, बळीचं राज्य येवो. आन् बळीसाठी ज्यानं डोळा घालवला, त्याचं नाव शिवी?"

मी घरी येऊन शब्दकोश काढला. शुक्र म्हणजे शुभ्र, तेजस्वी, शुद्ध. शुक्र हा ग्रह, त्यावरून शुक्रवार. डोळ्यात पडणारं फूल. ज्येष्ठ महिन्याचंही ते एक जुनं नाव. आडकाठी करणारा, असा अर्थ शुक्र शब्दाला कुठंच नव्हता, तो झारीच्या गोष्टीनं त्या आचार्याला लावला. हे सगळं कागदावर उतरवून मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी कागदाची घडी करून टोपीत ठेवली.

पुढच्या माघात मापपट्टी पुसट झाली म्हणून ती नव्यानं रंगवायला काढली. रंगाऱ्यानं पहिल्या दिवशी नुसता पांढरा हात दिला, आकडे दुसऱ्या दिवशी टाकायचे होते. मामांना कोणी सांगितलं नव्हतं. ते नेहमीसारखे पट्टीकडे तोंड करून उभे राहिले, काठी टेकवली, वर घेतली आणि म्हणाले, "साडेआठ."

"मामा, पट्टीवर आज आकडे नाहीत."

वर घेतलेली काठी त्यांनी तशीच धरली होती. पाणी जिथवर लागलं होतं त्या ओल्या रेषेशी त्यांचा अंगठा होता. ते अंगठ्यानं खाचा मोजत होते, हे मला तेव्हा दिसलं. पट्टीकडे तोंड करणं नुसतं लोकांसाठी होतं.

"दुसरा बी चाललाय," ते म्हणाले. "दोन उन्हाळे ऱ्हायलेत माझ्या नोकरीचे. तेवढं निभवा, भाऊसाहेब. टेलची मान्सं हायेत."

मी वहीत साडेआठ लिहिलं. महिन्याभरानं नोकरांच्या माहितीचा वार्षिक तक्ता भरायला आला. त्यात 'दृष्टी' असा रकाना होता. मी दोन दिवस तो कोरा ठेवला आणि तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'दोन्ही डोळे अधू'. ते खरं होतं. अकरा महिन्यांचे बरोबर आलेले आकडे लिहायला त्या तक्त्यात रकाना नव्हता, आणि वेगळा कागद जोडावा हे मला सुचलं नाही. तक्ता पाहून कचेरीनं मामांना चारीवरून काढून शिरूरला एका गोदामावर राखणीला पाठवलं. घराजवळ गेले, असं मी मनाशी म्हणालो.

नवा पाटकरी दोन्ही डोळ्यांनी चांगला होता. चैत्रात टेलला दोन इंच आलं. वैशाखात नुसता ओलावा.

वैशाखाच्या शेवटी मी एसटीनं शिरूरला गेलो. मामा दारात बाजेवर बसले होते, काठी मांडीवर. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितला. माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. चहा संपल्यावर विचारलं, "टेलला किती येतंय?"

"सहा इंच, मामा. व्यवस्थित पोचतंय."

मी जाणून खोटा सांगितलेला तो पहिला आकडा.

त्यांचा अंगठा काठीवरून सरकत सहाव्या खाचेपाशी गेला. मग दोन खाचा खाली येऊन चौथीवर थांबला.

"उन्हाळ्यात सहा म्या कवा दिलं न्हाई. चारच द्येत हुतो, त्ये बी भांडून," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उठून येता आलं असतं. त्यांनी काठी उचलून माझ्या हातात दिली.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्यापशी. म्होरं कुणी इचारलं तर हिला इचारून सांगा."

मामा ज्येष्ठात गेले. निरोप मिळाला तोवर माती झालेली होती. निरोपाचा तो दिवस आमच्या चारीला पाणी सोडायच्या पाळीचा होता. मी काठी घेऊन पायी टेलला गेलो, चारीच्या तळाला टेकवली, डोळे मिटले आणि अंगठा वरून खाली आणला. एकेक खाच कोरडी लागत गेली. शेवटी काठीचं बूडही कोरडंच निघालं.

त्या दिवशीच्या वहीत मी टेलपुढे शून्य लिहिलं आणि खाली सही केली.