अण्णांच्या मापाचा संडास

गेल्या रविवारी शेणवे गावातल्या आमच्या घरी संडास बदलला... आणि घरात लग्नघाई असावी तशी धावपळ!

जुना संडास अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः बांधलेला. खोली त्यांच्या अंदाजाने, भांडंही त्यांनीच सिमेंटचं घडवलेलं. आपल्या कामाचा त्यांना भारी अभिमान!

पण हल्ली आईचे गुडघे फार दुखतात. उठताना नळ धरून उठायची... एकदा नळच हातात आला. मग मी कल्याणहून येताना मुरबाडला कमोड घेतला आणि जीपच्या टपावर बांधून घरी आणला.

गावातले प्लंबर सुरेशदादा आले. जुनं भांडं निरखून म्हणाले, "ह्ये कुठल्या कंपनीचं?"

"आमच्याच!" अण्णा ताठ मानेने म्हणाले. पहिला घाव पडला तसे उठून अंगणात जाऊन बसले.

भांडं फुटलं, कमोड ठेवून पाहिला... आणि दारच लागेना! खोली इतकी आखूड की बसलं की गुडघे बाहेर. सुरेशदादांनी डोकं खाजवलं. "मागची भिंत फोडाया लागंल."

मागे स्वयंपाकघराचा ओटा. जुनं फुटलेलं, नवं बसेना... मला घामच फुटला.

तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. "कोपऱ्यात तिरका बसव ना रे. मला काय तिथं बसून फोटो काढायचाय?"

सुरेशदादांनी टेप लावली. कमोड कोपऱ्याकडे वळवला... गुडघ्यांना जागा झाली, दारही लागलं! अण्णा आत येऊन दोनदा दार लावून बघून गेले.

सिमेंट सुकेपर्यंत शेजारच्या काकूंकडे सोय केली. मी दोन दिवस रजा टाकून थांबले.

मंगळवारी सकाळी कमोड वापरात आला आणि दुपारी जेवताना आई तांब्याभर पाणी प्यायली. वर आणखी मागितलं. अण्णा हसले, "आज एवढी तहान?"

"तहान रोजच लागायची. सारखं बसाया-उठाया लागंल म्हणून पीत नव्हती."

 अण्णांनी स्वतः उठून तांब्या भरून आणला. "सांगायचं ना गो..." एवढंच म्हणाले.

इतकी वर्षं रोज कल्याणहून फोन करते, 'जेवलीस का' विचारते... 'पाणी प्यायलीस का' हे कधी विचारलंच नव्हतं. आता विचारते. परवा तर वैतागली माझ्यावर... "प्याले गो बाई, दोन तांबे!"

ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू...