बोट चढली सैपाकघरात

आमचं घर धरणात आहे. असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, "लेक व्ह्यू का?" नाही हो, लेकच्या आत! धरण भरलं तेव्हा आबा (माझे वडील) दहा-बारा वर्षांचे होते. आता उरलंय ते दगडी जोतं, तेही मे महिन्यात पाणी आटलं की चार दिवस वर येतं. मग आबा तिथं जाऊन दिवसभर बसतात. स्वतःच्या ओसरीवर!

यंदा बातमी आली, धरणावर तरंगतं सोलर होणार. गावात बैठक बसली. काठावरचे बंगलेवाले (शनिवार-रविवारचे गावकरी) म्हणाले, "सोलर पाहिजेच, फक्त आमच्या बाल्कनीतून दिसायला नको." टेंटवाल्या पोरांना पर्यटकांच्या फोटोंची काळजी. सुमनमावशीनं विचारलं, "वीज आमच्या उशाला, आन् लाईट जानार ती बी आमचीच, व्हय ना?" मी घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. उठून हवामानबदलावर असा बोललो की टाळ्या पडल्या!

टाळ्या थांबल्यावर आबा एवढंच म्हणाले, "माझी वसरी झाकनार का?"

सोलरचे इंजिनिअर, लोणावळ्याहून आलेले, बिचारे भले होते. "उद्या बोटीतनं जागा दाखवा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब बोट चालवायला, आबा पुढं, मी मागं. पाणी अजून पुरतं उतरलेलं नव्हतं. नजर जाईल तिकडं सपाट निळं. आबा वाट सांगायला लागले.

"सरळ. ही चावडी. हितनं डावीकडं घ्या."

"आबा, इथं नुसतं पाणी आहे!"

"तुला न्हाई दिसायचं. सायब, हळू! वळनावर बारकूआत्याची शेरडं असत्यात."

साहेबांनी खरंच वेग कमी केला! पुढं पिंपळालाही वळसा घातला. मी हळूच म्हणालो, "साहेब, पिंपळ नाहीये तिथं."

"दिसतंय हो मला. पण ते इतक्या खात्रीनं सांगतायत..."

"थांबा, आलं घर!"

थांबेपर्यंत खालून खर्रर्र झालं आणि बोट जोत्यावर चढून बसली.

"आवो, पार सैपाकघरात घातली की!" आबा ओरडले.

साहेबांनी बांबू खाली टोचून पाहिला. गुडघाभर पाणी. "इथं पॅनल बसायचे नाहीत, तळाला टेकतील," ते म्हणाले. "एवढा तुकडा मोकळाच सोडावा लागेल."

मी आनंदानं आबांकडं वळलो, तर ते धोतर खोचून केव्हाच खाली उतरलेले! पायानं चाचपत त्यांनी ओसरी शोधली. तिथं नीट उभे राहिले आणि पाण्याकडं बघत हाक मारली, "आये, पाव्हनं आल्यात गं!"

साहेबांनी इंजिन बंद केलं.

मग आबा माझ्याकडं वळले. "ये की आत. आपल्याच घरात कसला लाजतोस?"

जायचं तर मलाही फार होतं. पण मला पोहता येत नाही! गुडघाभर पाण्याकडं बघत, केशरी लाइफ जॅकेट छातीशी गच्च आवळून, मी वडिलोपार्जित घराच्या दारातूनच म्हणालो, "नको आबा, चहा आत्ताच झालाय!"